पायरीवरच्या चपला

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

सात वाजून दोन मिनिटांनी 'पायरी' बसली आणि सात एकोणपन्नासला उठली. मधली सत्तेचाळीस मिनिटं मी विसरेन असं वाटत नाही, पण माझ्या विसरण्याचा भरवसा नाही, म्हणून आजपासून ही वही.

पायरी म्हणजे आमची साइट. नागपूरच्या धंतोलीतल्या अकरा दवाखान्यांचे नंबर तिच्यावर लागतात. रोज सकाळी सातला दुसऱ्या दिवसाचे नंबर उघडतात. गडचिरोली, यवतमाळ, भंडाऱ्याकडचे पेशंट आपल्या गावातून नंबर लावतात आणि मगच एसटी धरतात. आम्ही तिघं आहोत. मी, सर्व्हरचं सगळं बघणारा माझा भागीदार संजीव आणि फोनवर सोनिका. ऑफिस शहराच्या टोकाला वाडीत, एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनच्या वर. खाली ट्रक मागे घेतला की आमच्या खुर्च्या हलतात.

आज एका मिनिटात नऊ लाख विचारणा आल्या. नऊ लाख माणसं काही एकदम आजारी पडत नाहीत. जगभरातली हॅक केलेली हजारो यंत्रं कोणीतरी एकाच वेळी आमच्या दारावर सोडली होती. त्यांना नंबर नको होता, फक्त दार अडवायचं होतं. ते अडलं, आणि खरे पेशंट मागे राहिले.

साडेनऊला मेल आली, ही नुसती चुणूक होती म्हणून. पैसे मागितलेत. किती ते लिहीत नाही, कारण द्यायचेच नाहीत. सायबर पोलिसांत तक्रार केली. संजीव म्हणाला, "पुन्हा येतीन हे." मी म्हणाले, "येऊ दे, बघून घेऊ." मग जिन्यात जाऊन ती मेल पुन्हा चारदा वाचली. हे फक्त इथे लिहितेय.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

डॉ. प्रमोदिनींनी बोलावलं. डोळ्यांच्या डॉक्टर, आमच्या सगळ्यात पहिल्या ग्राहक. त्या गेल्या तर बाकीचे दहा दवाखाने आठवड्याभरात जातील, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

"मला समजेल असं सांग. काल काय झालं?"

"मॅडम, समजा तुमच्या पायरीवर रातोरात कोणीतरी दहा हजार चपला आणून मांडल्या. माणूस एकही नाही. खरा पेशंट पाय कुठे ठेवणार?"

"मग चपला उचलून फेक."

"फेकता येतील. पण त्यात खऱ्या माणसाची चप्पल कोणती, ते आधी कळायला हवं."

उत्तर छान जमलं. त्यांनाही आवडलं. तरी जाताना म्हणाल्या, "आणखी एकदा असं झालं तर मी माझं जुनं रजिस्टर काढणार. मला वाईट वाटेल, पण काढणार."

चपलांचं उदाहरण मला शोधावं लागलं नाही. आईच्या दम्यासाठी आम्ही धंतोलीत जायचो तेव्हा नंबर असाच लागायचा. अनुसया मावशी उमरेडहून आदल्या दिवशी यायची आणि पहाटे जाऊन दवाखान्याच्या पायरीवर आपल्या चपला रांगेत ठेवायची. एकदा ती पाणी प्यायला गेली आणि कोणीतरी त्या चपला रस्त्यावर भिरकावल्या. "माणूस कुठे होता इथे?" असं वर विचारलं. मावशी भांडली, "चप्पल आहे म्हणजे माणूस आहे न, बाप्पा!" कोणी ऐकलं नाही. ती अनवाणी परत आली आणि आईचा नंबर त्या दिवशी गेला. मी अकरावीत होते. कोणाची चप्पल कोणी हलवू शकणार नाही अशी पायरी बांधायची, हे डोक्यात तेव्हापासून आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

मावशी आली होती. दर चार आठवड्यांनी येते. उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला. डाव्यातही तेच सुरू आहे, पण दर चार आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन घेतलं तर आहे ती नजर टिकते. खाडा चालत नाही. पुढची तारीख ४ डिसेंबर.

जन्म मागावर गेला तिचा. आपणच विणलेलं करवती काठाचं लुगडं नेसून येते, चहा घेताना पदराचा काठ डाव्या डोळ्याजवळ धरते आणि करवतीचे दात मोजते. आज बोटभर काठात अकरा मोजले. "दात दिसतात तोवर मी आंधळी नाही," म्हणाली.

मी नेहमीचं विचारलं, "मावशी, नंबर मला का नाही सांगत लावायला?"

"काहून सांगू? आमच्या गल्लीतला सेतूवाला लावून देते. आणि तूच तं लिहून ठेवलं, ओळखीनं नंबर मिळणार नाही म्हणून. माह्यासाठी तुहा नियम मोडू नोको, पोरी."

ते वाक्य साइटवर सगळ्यात वर आहे, माझंच आहे. खरं सांगायचं तर अभिमान वाटला. पुण्यामुंबईच्या कंपन्यांत एवढा कडक नियम कोणी पाळत नसेल.

जाताना आठवण करून गेली, तीस तारखेला अभिजीतचं साक्षगंध. अभिजीत तिचा एकुलता एक. साखरपुड्याला यायचंच आहे.

रविवार, ९ नोव्हेंबर

दोन दिवस संजीव आणि मी तटबंदी करतोय. आता सगळी विचारणा आधी एका मोठ्या कंपनीच्या गाळणीतून जाईल. कचरा तिथेच अडेल, उरलेलं आमच्याकडे येईल. आमच्या सर्व्हरचा खरा पत्ता कोणाला दिसणार नाही. संजीवने हे सगळं केलं आणि जुना पत्ता बदलायचा राहू दिला. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड. मी पकडलं. "बरं झालं तू आहेस," म्हणाला. हे तो वर्षातून एकदा म्हणतो, म्हणून नोंद.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज रंगीत तालीम. आम्हीच आमच्यावर हल्ला केला. चौथ्या मिनिटाला पायरी बसली.

सर्व्हर कंपनीच्या मदतकेंद्राने सोनिकाला एकोणीस मिनिटं गाणं ऐकवलं. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, हे गाणं मले पाठ झालं. आता काय करू?" हसायला आलं नाही. खऱ्या हल्ल्यात हे असंच झालं तर संपलो आम्ही. दुपारी त्यांच्या ड्यूटीवरच्या इंजिनिअरचा थेट नंबर मिळवला आणि भिंतीवर लाल मार्करने लिहिला. अगदीच सगळं पडलं तर सोनिका फोनवर नंबर घेईल आणि याद्या छापून दवाखान्यांत पोचवायच्या, हेही ठरलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

दुसरी मेल. "१ डिसेंबर. सकाळी सात."

तारीख दिली बघा, लग्नपत्रिका दिल्यासारखी.

संजीवशी वाजलं. नुसती गाळणी पुरणार नाही. मागच्या वेळी काही यंत्रं माणसासारखा फॉर्म भरून आत आली होती. म्हणून माझा नियम: एका पत्त्यावरून, म्हणजे एका इंटरनेट जोडणीवरून, एका सकाळी पाचपेक्षा जास्त नंबर मागितले की तो पत्ता त्या दिवसापुरता बंद. घरात पाच माणसं धरली. पाचाच्या वर कोण नंबर लावतो? यंत्र.

संजीव म्हणाला, "नियम ठीक आहे. पण आधी नुसता पाहू दे ना, कोण कोण सापडते त्याच्यात. दार बंद नोको करू. दोन आठवडे पाहू."

"दोन आठवड्यांनी एक तारीख आहे, संजीव."

"मंग एक आठवडा."

मी एक दिवस दिला. उद्या नियम चालू. प्रत्येक वेळी संजीवची खात्री पटेपर्यंत थांबले असते तर ही कंपनी अजून कागदावर असती.

बुधवार, १९ नोव्हेंबर

नियम पहिल्याच दिवशी लागू पडला. काल १,१४६ विचारणा अडवल्या, आज १,२०२. हल्ला नाही तर एवढ्या! म्हणजे शत्रू रोज चाचपून बघतोय. मोठ्या कागदावर रोजचा आकडा लाल अक्षरांत लिहून भिंतीवर लावायला सुरुवात केली आहे. पाहिलं की बरं वाटतं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

संजीवने अडवलेल्यांची यादी काढली. सगळ्यात वरच्या पत्त्याचं नाव त्याने ठेवलंय गिऱ्हाईक नंबर एक. रोज सातला बरोबर येतो, सहाव्या नंबरला अडतो, दहा मिनिटं थांबून पुन्हा बघतो, मग पुन्हा. तीनदा बघून निघून जातो.

"आणि रविवारी येत नाही," संजीव म्हणाला. "ऋतुजा, यंत्र रविवारी सुट्टी घेते काय?"

"शिस्तीचा गुंड आहे," मी म्हणाले. सोनिका हसली. संजीव हसला नाही. त्याला विनोद कळायला हल्ली वेळ लागतो.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

झोप उडाली आहे. जेवताना, अंघोळ करताना, सतत सात वाजलेले दिसतात. चार दिवस उरले.

त्यात सोनिकाचं नवीन. कोणी बळीराम म्हणून रोज फोन करतो. "लिंक नाही उघडून राहिली म्हणते, मॅडम. गाववाल्यांचे नंबर लावतो म्हणते. रोजचे पंचवीस-तीस."

रोजचे पंचवीस-तीस! म्हणजे दलाल. सकाळी नंबर गिळायचे आणि मग गरजूंना विकायचे. असल्या लोकांमुळेच तर आईचे नंबर जायचे. माझं डोकं फिरलं. सोनिकाला सांगितलं, दलालांना मनाई आहे असं एकदाच सांग आणि फोन ठेव.

"पण बोलून तं भला वाटते."

"भलेच वाटतात ते. धंदाच आहे त्यांचा."

तिने ठेवला फोन. चेहरा मात्र दिवसभर पाडून बसली होती.

रविवार, ३० नोव्हेंबर

साक्षगंधाला गेले नाही. दिवसभर ऑफिसमध्ये होते. मावशीचा दुपारी फोन आला, तिला म्हटलं, उद्या माझी परीक्षा आहे. "बरं," एवढंच म्हणाली. मागे सनई वाजत होती. वाईट वाटलं, पण उद्या पायरी पडली तर तिघांची घरं उघडी पडतील. मावशीची समजूत नंतर काढता येईल.

सोमवार, १ डिसेंबर

टिकली! पायरी टिकली!

सात वाजून तीस सेकंदांनी लाट आली. एका मिनिटात चौदा लाख. मागच्या वेळेपेक्षा दीडपट. पडद्यावरची रेघ सरळ वर गेली. गाळणीने बहुतेक सगळं खाल्लं. फॉर्म भरून येणारे माझ्या नियमाने खाल्ले. सात अकराला त्यांनी रोख बदलला आणि पायरी अडखळली. चाळीस सेकंद ती तशीच अडकली. संजीवने भिंतीवरच्या नंबरला फोन लावला, पलीकडच्याने काहीतरी फिरवलं आणि पायरी पुन्हा चालायला लागली. आठ वाजून सहा मिनिटांनी लाट गेली.

अकरा दवाखाने, एकाचीही तक्रार नाही. डॉ. प्रमोदिनींनी गरम समोसे पाठवले, वर चिठ्ठी: "रजिस्टर परत कपाटात ठेवलं." मी रडले. सोनिका रडली. संजीव गोडाऊनच्या हमालांना समोसे वाटून आला.

भिंतीवर नवीन कागद लावला. हातभर अक्षरांत: १ डिसेंबर. एकही आत आला नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर

मावशीचा दिवस. घरी लवकर आले, आलं घालून चहा ठेवला. दोन वाजले, तीन वाजले, ती आली नाही. रुसली असणार. साक्षगंधाला गेले नाही म्हणून नागपुरात येऊनसुद्धा घरी न येता परस्पर उमरेडची गाडी धरली. एवढं काय! तिच्यासाठी आणलेला चिवडा मीच संपवला.

रविवार, ७ डिसेंबर

शेवटी मीच फोन केला.

"मावशी, गुरुवारी आली नाहीस?"

"नाही वं. नंबर नाही लागला या वेळी."

"कसा नाही लागला? नंबर रिकामे पडलेत गं आमच्याकडे!"

मग म्हणाली, "लागन. उद्या-परवा लागन. तू तुहं काम कर."

रुसवा आहे, दुसरं काय. नंबर लागला नाही म्हणे! मी स्वतः पडद्यावर बघते, डॉ. प्रमोदिनींकडे रोज आठ-दहा जागा मोकळ्या जातात. राग असेल तर सरळ बोलावं माणसाने. मी लहान नाही आता.

बुधवार, १० डिसेंबर

डॉक्टर मॅडमचा फोन. "ऋतुजा, माझे बाहेरगावचे पेशंट कुठे गेले? शहरातले येतात, गावाकडचे येईनात. इंजेक्शनवाले तर निम्मेच."

मी म्हटलं, कापूस वेचणी, लग्नसराई, या दिवसांत होतंच असं.

"दर वर्षी कापूस असतो," त्या म्हणाल्या. फोन ठेवला.

शनिवार, १३ डिसेंबर

संजीवशी कडाक्याचं भांडण.

त्याने यादी माझ्यापुढे आपटली. "हल्ला होऊन बारा दिवस झाले. ते गेले. हे काहून येऊन राहिले अजून? रोज सातला. तीनदा दार वाजवते अन् परत जाते. असे साठच्या वर पत्ते आहेत. मी नियम ढिला करून पाहतो दोन दिवस."

"आणि त्या दोन दिवसांत ते परत आले तर? तू जाशील मॅडमना तोंड द्यायला?"

"तू घाबरून राहिली आहेस."

"मी घाबरले म्हणून ही कंपनी उभी आहे!"

मोठ्याने बोलले. खालचे हमाल वर बघायला लागले. संजीव डबा न खाताच गेला. जिंकलेलं त्याला पचत नाही, कारण जिंकला तो माझा नियम. हे लिहिलं आणि लगेच वाटलं, हे काही खरं नाही. पण खोडत नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर

संजीव कामापुरतं बोलतो. सोनिका तेवढंही नाही. आजचा आकडा ६४०. कमी होतोय. शत्रू थकला.

पण थकलाय ते बघून जसं बरं वाटायला हवं तसं वाटत नाही. मावशीला दोनदा फोन केला, वाजून वाजून बंद झाला. रविवारी उमरेडला जाते. साक्षगंधाची साडी न्यायची आणि पाया पडायचं, संपला विषय.

रविवार, २१ डिसेंबर

हे नीट लिहायचं आहे. हात थांबला तरी लिहायचं आहे.

अकराच्या सुमारास पोचले. मावशी ओसरीवर तांदूळ निवडत होती. बोटांनी निवडत होती, बघत नव्हती. मी दारात उभी राहिले तरी तिने मान वर केली नाही. रागच आहे अजून, असं वाटलं. "मावशी," म्हटलं तेव्हा दचकली आणि माझ्या खांद्याच्या बाजूला बघून हसली.

"ऋतू? ये वं, बस. सांगून तरी यायचं."

मी साडी तिच्या मांडीवर ठेवली. सवयीने तिने काठ उचलला, डाव्या डोळ्याजवळ नेला, आणखी जवळ नेला, मग अंगठ्याने चाचपला.

"साधा काठ आहे काय?"

करवतीचा होता. मुद्दाम तसाच आणला होता.

"मावशी, डोळ्याला काय झालं?"

"अवं, नंबर नाही लागला न. तीन तारखेपासून लावून राहिला बळीराम. दररोज. मी सकाळी सातला त्याच्या दुकानात जाऊन बसते. मशीन म्हणते, तुमच्याकडून फार येऊन राहिले, उद्या या. मंग मी उद्या जाते."

बळीराम.

मला वाटतं मी उभी राहिले. ती पुढे बोलतच होती, "मंगळवारपासून मधात काळं काळं दिसून राहिलं. अभिजीत म्हणे ऋतूले सांग. म्या म्हटलं, नाही. तिचा नियम आहे. अन् पोरीची परीक्षा चालू आहे."

बळीरामचं सेतू केंद्र चार घरं टाकून आहे. रविवार, म्हणून बंद होतं. तो मागेच राहतो. पन्नाशीचा माणूस, पायाने थोडा अधू. मी नाव सांगितलं तेव्हा तो रागावला नाही, खुर्ची पुसून दिली. मग आतून एक वही आणली.

"ज्यांच्यापाशी साधा फोन आहे, ते समदे माह्याकडे येते, ताई. कोणाले वाचता येत नाही, कोणाले दिसत नाही. आजूबाजूच्या नऊ गावांचे नंबर मीच लावून देतो."

त्याच्या वहीत रोजची तारीख, खाली नावं. सुभद्रा, भिवापूर, मोतीबिंदू. माया, आठवा महिना. नानाजी, पाचगाव, छाती. रोज पहिल्या पाच नावांपुढे बरोबरची खूण, बाकी सगळ्यांपुढे 'नाही लागला'. अठरा नोव्हेंबरपासून. दुसऱ्या पानापासून पहिली पाच नावं त्याने वय आणि दुखणं बघून निवडली होती, ज्यांना थांबणं शक्यच नाही ती. मावशी रोज सहावी, सातवी. तिनेच सांगितलं होतं म्हणे, "पोटुशी बाई आधी घे, मी उद्या येते."

"मी तुमच्या हापिसात दररोज फोन केला," बळीराम म्हणाला. "ती पोरगी म्हणे, दलालांले मनाई आहे. मी दलाल नाही, ताई."

नाही लागला, नाही लागला, अशा चारशे बारा ओळी मी तिथेच बसून मोजल्या. भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेल्या आकड्यांमध्ये हीच माणसं होती. गिऱ्हाईक नंबर एक माझ्यासमोर चहाचा कप धरून बसला होता, कारण रविवारी केंद्र बंद असतं.

तिथूनच संजीवला फोन केला. "नियम काढ," एवढंच म्हणाले. त्याने कारण विचारलं नाही.

मंगळवार, २३ डिसेंबर

काल मावशीला धंतोलीत नेलं. डॉक्टर मॅडमना आधी कळवलं होतं, त्या म्हणाल्या, सरळ आत आण. मावशी मात्र पायरीशी थांबली. "नंबर कुठे आहे माहा?" असं म्हणत चपला काढल्या आणि पायाने चाचपत पायरीच्या कडेला जोडून ठेवल्या. त्या पायरीवर आता कोणी चपला ठेवत नाही. दोनच होत्या, तिच्या. मी तिचा हात धरून आत नेलं आणि जन्मात पहिल्यांदा ओळखीने नंबर लावला.

डोळ्याच्या पडद्याखाली रक्त आलं आहे. इंजेक्शन दिलं. "थोडं परत येईल," मॅडम म्हणाल्या, "सगळं नाही. तीन तारखेला नंबर लागला असता तर..." आणि थांबल्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं. चपला मीच फेकल्या, हेही. त्या बराच वेळ चष्मा पुसत होत्या.

"किती जण आहेत?"

"एका वहीत चारशे बारा ओळी. नावं दीडशेच्या आसपास. अशा साठ जागा आहेत."

"शोधून काढ. एकेक. कोणाचं काय राहिलं ते मला रोज संध्याकाळी हवं. रजिस्टरचं नंतर बघू."

तिथून मावशीला घेऊन वाडीला आलो. आमचं ऑफिस तिने कधी पाहिलं नव्हतं. संजीव आणि सोनिका सकाळपासून फोनवर होते. सेतूवाले, औषध दुकानवाले, एक शाळा मास्तर, एक एसटी स्टँडवरचा झेरॉक्सवाला. प्रत्येकाशी बोलून, माणूस आहे याची खात्री करून त्याचा पत्ता कायमचा उघडा ठेवायचा. आधी आठवडाभर नुसतं पाहिलं असतं तर हे काम नोव्हेंबरातच झालं असतं. संजीव हे बोलला नाही. हल्लेखोर उद्या परत आले तर या उघड्या दारांतून घुसतीलही. त्यावर दुसरा काही उपाय शोधू, पण दारं उघडी राहतील.

मावशीला खुर्ची दिली. डोळ्यावर पट्टी अर्धी सरकवून ती चहूकडे बघत होती. खाली ट्रक मागे आला, खुर्ची हलली, ती हसली. मग भिंतीकडे तोंड करून थांबली. पांढऱ्यावर लाल काहीतरी आहे एवढं तिला दिसत असावं.

"काय लिहिलं वं ऋतू तिथं? येवढं मोठं?"

संजीव फोन ठेवून कागद काढायला उठला. मी त्याला हाताने थांबवलं. तिने विचारलं होतं, तिला सांगायलाच हवं होतं.

"एक डिसेंबर," मी वाचलं. "एकही आत आला नाही."

मावशीने मान हलवली.

"बराबर लिहिलं," ती म्हणाली. "मी बी नाही आली."

मग तिने चहा मागितला. सोनिकाने करून आणला. साडेचारच्या गाडीने तिला उमरेडला सोडलं.

आज सकाळी सातला बळीरामचे एकतीस नंबर आले. एकतीसही लागले. कागद अजून भिंतीवर आहे, मी काढू दिलेला नाही.